जीप कुणाची?

जीप म्हटलं की आपल्या तोंडी विलीजचं नाव येतं. साहजिक आहे, स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतल्या त्या विलीजच्याच जीप. पण ही गाडी आधी आखली दुसऱ्याच लोकांनी.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि अमेरिकी सैन्याला घाई सुटली. १३५ कंपन्यांना विचारणा गेली. गाडीच्या चारही चाकांना इंजिनाची ताकद हवी, तिनं पाव टन ओझं वाहावं, आणि तिचं स्वतःचं वजन फक्त ५९० किलो! नमुना ४९ दिवसांत. पुढे आल्या दोनच कंपन्या. विलीजनं ७५ दिवस मागितले. बटलर गावची बँटम कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती, ती ४९ ला हो म्हणाली. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्यानं दोन दिवसांत आराखडा उभा केला आणि २३ सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास असताना, गाडी होलाबर्डच्या छावणीत पोचली.

वजनाची अट मात्र कुणालाच पाळता येणार नव्हती. पुढची चाकं वळायलाही हवीत आणि ओढायलाही, म्हणजे दुसरा डिफरन्शियल आला, ट्रान्सफर केस आली. हे सगळं लोखंडच की! पण त्याच ट्रान्सफर केसमुळे चढावर गाडीला जास्त जोर मिळे आणि चांगल्या रस्त्यावर पुढची चाकं इंजिनापासून सोडवता येत. काच पुढे पाडली की गाडी झुडपाआड लपे. तिनं तोफा ओढल्या, जखमींची स्ट्रेचरं वाहिली.

पुढे सैन्यानं बँटमचे आराखडे विलीज आणि फोर्डच्या हाती दिले. सबब अशी, की बँटमला एवढ्या गाड्या झेपणार नाहीत. व्यवहार म्हणून पटतं, न्याय म्हणून मला पटत नाही. विलीजचं स्वतःचं असं मोठं काम म्हणजे डेल्मर रूसचं ६० अश्वशक्तीचं इंजिन. वजनाची मर्यादा आता ९८० किलो झाली होती. तीत बसायला रूसनं बोल्टसुद्धा आखूड केले. १९४१ मध्ये कंत्राट विलीजला मिळालं. विलीज आणि फोर्डनं मिळून सहा लाखांवर गाड्या केल्या. बँटमच्या वाट्याला सत्तावीसशेच्या आसपास, नंतर नुसते ट्रेलर.

ॲरिस्टॉटलच्या भाषेत बोलायचं तर हेतू सैन्याचा, आकार प्रोब्स्टचा, जोर रूसचा. पुढची पत्र्याची जाळी, जिच्यावरून आपण जीप ओळखतो, ती फोर्डची! १९४८ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं विलीजला बजावलं, की जीप आम्हीच निर्माण केली असं जाहिरातीत म्हणू नका. कल्पना बँटमची आणि सैन्यातल्या अधिकाऱ्यांची. दोनच वर्षांनी ‘जीप’ हे नाव अधिकृतपणे नोंदलं गेलं, ते मात्र विलीजच्याच मालकीचं म्हणून.