भायखळ्याच्या तुरुंगातला हिशेब

हिंगण्यातल्या माझ्या टेबलावर बरीच वर्षे एक छोटा हिशेब पडून आहे. जानेवारी 1897. मुंबईत प्लेगचा कहर चालू होता. वाल्देमार हाफकिन यांनी 10 तारखेला लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस, भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरल्यावर, तिथल्या कैद्यांना टोचली. टोचलेल्या 147 जणांपैकी दोघांना प्लेग झाला, मृत्यू एकही नाही. न टोचलेल्या 172 जणांत 12 आजारी पडले, 6 मेले.

तुरुंगात अन्न एक, छप्पर एक, माणसे मोजलेली. म्हणून तुलना चोख ठरली. कैदी स्वेच्छेने पुढे आले, असे म्हटले जाते. पण दाराबाहेर जाता न येणाऱ्याची स्वेच्छा कितपत मोकळी असते? ते सहा मृत्यूही या यशाच्याच खात्यावर आहेत.

मे 2021मध्ये ओळखपत्र नसलेल्यांच्या, त्यात कैद्यांच्याही, लसीकरणासाठी केंद्राला वेगळी कार्यपद्धती काढावी लागली. ज्यांच्यावर एकेकाळी लस सिद्ध झाली, त्यांच्यापर्यंत ती पोहोचायला स्वतंत्र आदेश लागला!

परळच्या प्रयोगशाळेला 1925 साली हाफकिन यांचे नाव मिळाले. भायखळ्याच्या त्या कैद्यांपैकी एकाचेही नाव मी अजून वाचलेले नाही.