वेशीवरची यादी

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण तोंडात बसायला वेळ लागणारच) नेवासा तालुक्यात दोन गावं आहेत. एक सगळ्यांना माहीत असलेलं शनिशिंगणापूर. परंपरेने घरांना दारंच नाहीत, सगळा कारभार विश्वासावर. दुसरं सौंदाळा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. शिवाय संध्याकाळी ७ ते ९ शाळकरी पोरांच्या हातात मोबाईल नाही.

आता तुम्ही म्हणाल, याचा कॉम्प्युटरशी काय संबंध? तर मंडळी, ऍड ब्लॉकरचा इतिहास म्हणजे शिंगणापूरहून सौंदाळ्यापर्यंतचा प्रवास आहे.

सुरुवातीचं वेब बिनदाराचं होतं. सर्व्हर जे पाठवेल ते ब्राउझर निमूटपणे दाखवणार. २७ ऑक्टोबर १९९४ ला हॉटवायर्ड या साइटवर एटी अँड टीचा बॅनर झळकला. तो पहिल्या वेब-बॅनरांपैकी एक. मग ट्रायपॉड नावाच्या कंपनीत एथन झुकरमन याने पॉप-अप खिडकीचा कोड लिहिला. कारण साधं होतं. एका मोटार कंपनीची जाहिरात नको त्या पानावर दिसली, म्हणून जाहिरात पानापासून वेगळी काढायची होती. पुढे त्या खिडक्यांनी जगाला इतका ताप दिला, की २०१४ साली त्याने लेख लिहून जाहीर माफी मागितली!

दार बसवायला सुरुवात केली ती एका विद्यार्थ्याने. २००२ मध्ये डेन्मार्कच्या हेन्रिक सोरेन्सनने, परीक्षेचा अभ्यास टाळता टाळता, ऍडब्लॉक लिहिलं. (अभ्यास टाळून काय काय होतं बघा.) पण त्यात नियम ज्याचे त्याने लिहायचे होते. म्हणजे दार मिळालं, कोणाला आत घ्यायचं ते तुमचं तुम्ही बघा.

खरी गंमत २००५ ची. रिक पेटनेल या गृहस्थाने ‘ईझीलिस्ट’ सुरू केली. ही एक साधी टेक्स्ट फाईल. एका ओळीत एक नियम : अमुक पत्त्यावरून आलेलं अडवा, तमुक नावाचा चौकोन लपवा. २००९ मध्ये रिक वारले, पण यादी थांबली नाही, दुसऱ्या स्वयंसेवकांनी ती पुढे चालवली. २००६ चं ऍडब्लॉक प्लस काय किंवा रेमंड हिलचं २०१४ चं यूब्लॉक काय, दोन्ही या यादीवर उभी. आपण एक्स्टेन्शनचं नाव घेतो, पण राबते ती यादी. सौंदाळ्याचा ठराव जसा चारचौघांनी बसून केला, तशीच हीसुद्धा चारचौघांनी उघड्यावर लिहिलेली. कोणीही वाचावी, कोणीही चूक दाखवावी.

मग पैसा आला. २०११ मध्ये ऍडब्लॉक प्लसने ‘चालतील अशा जाहिराती’ ठरवून त्यांना आत सोडायला सुरुवात केली, आणि मोठ्या कंपन्यांकडून त्याचे पैसेही घेतले. दुसरीकडे रेमंड हिल देणगीसुद्धा घेत नाही.

पण मोठा प्रश्न वेगळाच आहे. वेस कोणाच्या मालकीची? क्रोम बनवणाऱ्या गूगलची मुख्य कमाई जाहिरातींची. त्यांनी एक्स्टेन्शनचे नियम बदलले. पूर्वी प्रत्येक मागणी एक्स्टेन्शन स्वतः तपासून अडवायचं. आता त्याने नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे द्यायची, तीही ठरलेल्या मर्यादेत, आणि अडवायचं काम ब्राउझर करणार. म्हणजे वेशीवरचा राखणदार काढला आणि त्याच्या हातची चिठ्ठी मालकाने ठेवून घेतली. गूगल म्हणतं हे सुरक्षिततेसाठी, वेगासाठी. त्यात तथ्य आहेही, कारण वाईट एक्स्टेन्शन त्याच अधिकाराने तुमचं सगळं वाचू शकायचं. पण परिणाम असा, की २०२५ मध्ये मूळ यूब्लॉक ओरिजिन क्रोममध्ये बंद पडलं. लाईट आवृत्ती चालते. फायरफॉक्समध्ये मात्र अख्खं चालतं.

हा नुसता वैतागाचा विषय नाही हो. गावाकडे आईबाबांच्या फोनवर ‘तुमच्या मोबाईलमध्ये व्हायरस’ असं लाल अक्षरात येतं, तीही जाहिरातच असते. डिसेंबर २०२२ मध्ये खुद्द अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना सर्च करताना ऍड ब्लॉकर वापरायचा सल्ला दिला, कारण चोर दुसऱ्या कंपन्यांच्या नावाने जाहिराती देत होते.

दुसरी बाजूही आहेच. मराठीत लिहिणाऱ्या कितीतरी छोट्या साइट्स जाहिरातींवरच तगतात. सगळ्यांनाच वेशीबाहेर ठेवलं तर वाचायला काय उरणार? म्हणून यादीत अपवादाची सोय असते. आवडत्या साइटसाठी ब्लॉकर बंद करा, एका क्लिकचं काम आहे.

सौंदाळ्यात काय चालणार नाही हे सौंदाळ्याच्या लोकांनी ठरवलं. आपल्या स्क्रीनवर ते कोण ठरवतंय? या वीकेंडला ब्राउझरची सेटिंग उघडून एकदा बघा. आणि जमल्यास आईबाबांच्या फोनचीही.