सूज दाबली म्हणजे वण थांबतो का?

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. त्याला दुबळा करून हरवण्यात काही अर्थ नाही.

यकृत असो, फुप्फुस असो वा हृदय. इजा झाली की सूज येते. रक्तातल्या प्रतिकारपेशी धावून येतात. त्यांनी सोडलेली रसायने तंतुपेशींना चेतवतात, तंतुपेशी कोलॅजेन विणू लागतात आणि मऊ अवयवाच्या जागी राठ वण उरतो. हाच फायब्रोसिस. म्हणजे वण ही सुजेने मागे ठेवलेली राख. सूज दाबा, प्रतिकारपेशींना आवरा, की वण थांबेल. पडलेला वण मात्र कायमचा. हे मत अडाण्यांचे नाही. त्याच्या बाजूने एक भक्कम साक्षीदारही उभा आहे: ऑटोइम्यून हिपॅटायटिस. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते. प्रेडनिसोलोन आणि अ‍ॅझाथायोप्रिन दिले की सूज ओसरते, रुग्ण वाचतो आणि पुष्कळदा यकृतातला वणही मागे हटतो.

साक्ष मान्य. पण ती पूर्ण ऐकायची, तर ‘पडलेला वण कायमचा’ हे अर्धे विधान पूर्वपक्षाच्याच साक्षीदाराने खोडून काढले आहे. उरले पहिले अर्धे. त्याची उलटतपासणी फुप्फुसात होते.

इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस या विकारात फुप्फुस हळूहळू राठ होत जाते आणि माणूस श्वासाला महाग होतो. याच तर्काने वर्षानुवर्षे तिथेही हीच दोन औषधे दिली जात. अमेरिकेतल्या ‘पँथर’ चाचणीने त्यांची परीक्षा घेतली. एका गटातल्या 77 रुग्णांना प्रेडनिसोन (शरीरात त्याचेच प्रेडनिसोलोन होते), अ‍ॅझाथायोप्रिन आणि जोडीला एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. दुसऱ्या गटातल्या 78 जणांना नुसत्या बिनऔषधी गोळ्या. औषधाच्या गटात 8 मृत्यू, दुसऱ्यात 1. रुग्णालयात दाखल व्हावे लागले ते अनुक्रमे 23 आणि 7 जणांना. श्वसनक्षमतेत लाभ शून्य. 2011 मध्ये हा उपचार मध्येच थांबवावा लागला. निष्कर्ष 2012 मध्ये छापून आले. औषधे तीच, अवयव निराळा, निकाल उलटा. पुढे 2014 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब यांना. दोन्ही स्टेरॉइड नव्हेत, आणि दोन्ही वणाचा वेग फक्त मंद करतात.

यावर पूर्वपक्ष म्हणेल, या विकारात सूज मुळातच कमी असते, तो अपवाद समजा. असेल. पण मग सुजेशिवायही वण पसरतो, हे कबूल झाले. आगच नव्हती, तर राख कुठून आली?

आता आरोपी पेशीकडे वळू. तिचे नाव मॅक्रोफेज. मोडतोड गिळणारी, सुजेच्या जागी हमखास सापडणारी. 2005 मध्ये एडिंबरातल्या संशोधकांनी हव्या त्या वेळी मॅक्रोफेज नाहीसे करता येतील असे उंदीर वापरले. यकृताला विषारी रसायनाची इजा चालू असताना मॅक्रोफेज काढले, तर वण कमी पडला. इजा थांबवून यकृत सावरत असताना काढले, तर वण विरघळायचाच थांबला. एकाच जातीची पेशी. आधी गवंडी, नंतर पाडकाम करणारी. 2012 मध्ये त्याच परंपरेतल्या कामाने खुलासा पुढे नेला: रक्तातून आलेल्या त्याच पेशी मेलेल्या पेशींचा कचरा गिळता गिळता पालटतात आणि कोलॅजेनचे जाळे कापणारी विकरे बनवू लागतात. सरसकट सूज दाबणारा वैद्य या दोघांत फरक कसा करणार? तो दोघांनाही कामावरून काढतो.

हे उंदरांत, माणसांत काय? 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हिपॅटायटिस ‘बी’च्या 348 रुग्णांच्या यकृताचा तुकडा टेनोफोविरच्या उपचारापूर्वी आणि पाच वर्षांनी तपासला होता. सुरुवातीला 96 जणांना सिरॉसिस होता; पाच वर्षांनी त्यांपैकी 71 जणांत तो राहिला नव्हता. टेनोफोविर विषाणूची वाढ रोखते. प्रतिकारपेशींना ते गप्प करत नाही. सूज निवली ती कारण हटल्यामुळे, आणि पाडकामाला लागणारे हात शाबूत राहिले.

प्रतिस्पर्ध्यांत एक नवा, हुशार पंथ आहे. तो म्हणतो, पेशी सोडा, आरएनए पकडा. मेसेंजर आरएनए प्रथिने बनवण्याचा निरोप नेतो. सुमारे 22 अक्षरांचा मायक्रोआरएनए तो निरोप वाटेतच अडवतो. या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना 2024 चे नोबेल मिळाले. मायक्रोआरएनए-29 कोलॅजेनचे निरोप अडवतो आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर इजेच्या आसपास त्याचेच प्रमाण घटते, हे 2008 मध्ये दिसले. त्याच वर्षी जर्मन संशोधकांनी दाखवले की मायक्रोआरएनए-21 रोखला तर उंदराच्या हृदयातला वण कमी होतो. झाले, बटण सापडले! 2010 मध्ये अमेरिकेतून उत्तर आले: हा मायक्रोआरएनए जन्मतःच नसलेल्या उंदरांनाही तितकाच वण पडतो. मग वाद रंगला तो रोखणारा रेणू 8 अक्षरांचा हवा की 22, यावर. (असे वाद मला मनापासून आवडतात, त्यांत कोणी तरी नक्की शहाणे होते.) अल्पोर्ट या मूत्रपिंडाच्या आनुवंशिक विकारात तेच बटण माणसांत दाबून पाहिले गेले. लाभाची आशा दिसेना म्हणून 2022 मध्ये ती चाचणी बंद पडली.

माझ्या मते खरी वाट 2021 च्या म्युनिकमधल्या कामाने दाखवली. हृदयातल्या मॅक्रोफेजमध्ये सर्वांत मुबलक मायक्रोआरएनए कोणता? हाच, 21 क्रमांकाचा. उंदरांच्या फक्त मॅक्रोफेजमधून तो काढला आणि ताण पडलेल्या हृदयातला वण टळला. म्हणजे ‘किती’ हा प्रश्नच अपुरा. कोणत्या पेशीत? कोणत्या वेळी? ‘किती सूज’ विचारणारा आणि ‘किती आरएनए’ विचारणारा एकाच चुकीचे दोन भाऊ आहेत.

2022 मध्ये फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी तर उंदरांना मेसेंजर आरएनए टोचून त्यांच्या टी-पेशींना, म्हणजे एका जातीच्या प्रतिकारपेशींना, काही दिवसांपुरते हृदयातल्या वण विणणाऱ्या पेशींवर सोडले. वण घटला, हृदयाचे काम सुधारले. इथे प्रतिकारपेशीला आवरले नव्हते. कामाला लावले होते.

एक जागा मात्र मी पूर्वपक्षाला मोकळ्या मनाने देतो, आणि ती आपल्या घरातलीच आहे. सुपारी-गुटख्याने गालाच्या आतले अस्तर दोरीसारखे ताठ होते, तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी हे रुग्ण आजही दिसतात. सुपारी सोडली तरी हा वण सहसा मागे फिरत नाही. कारण सुपारीतले तांबे कोलॅजेनचे धागे एकमेकांना टाचणाऱ्या विकराला बळ देते, आणि असे टाचलेले जाळे कापणे पाडकाम करणाऱ्या पेशींनाही जड जाते. इथे ‘कायमचा’ हा शब्द मी जवळजवळ मान्य करतो. पण त्याचे कारण सूज दाबायची राहून गेली हे नव्हे. या गालांत स्टेरॉइडची इंजेक्शने वर्षानुवर्षे टोचली जात आहेत.