परवाना परत केल्यावर

१९७० साली जपानमध्ये रस्ते-अपघातांत १६,७६५ माणसे दगावली. त्या काळात तिथे 'वाहतूक-युद्ध' हा शब्द सर्रास वापरला जाई. सिग्नल, पदपथ, सीटबेल्ट आणि कडक शिक्षा यांमुळे पन्नास वर्षांत हा आकडा तीन हजारांच्या आत आला, पण मृतांमध्ये निम्म्याहून अधिक जण पासष्टीच्या पुढचे होते. ज्या पिढीने घरात पहिली मोटार आणली, तीच आता म्हातारी झाली होती. १९९८पासून तिथल्या चालकाला आपण होऊन परवाना परत करता येतो. या सोयीची कहाणी सहसा वृद्धांचा हट्ट आणि मुलांची काळजी अशी सांगितली जाते. मला मात्र तो सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास वाटतो. ज्याला गाडीवाचून बाजार, दवाखाना आणि माणसे गाठता येतात, तोच परवाना सुखाने देतो.

सुरुवातीला फार थोडे लोक पुढे आले. जपानमध्ये ओळखपत्र म्हणून परवानाच दाखवण्याची रीत होती, तेव्हा तो देणे म्हणजे बँकेच्या खिडकीशी निनावी होणे. म्हणून २००२मध्ये परवान्यासारखेच दिसणारे 'वाहनचालन-इतिहासाचे प्रमाणपत्र' देणे सुरू झाले. ते ओळखपत्र म्हणून कायमचे ग्राह्य व्हायला मात्र २०१२ उजाडले. मानाचा प्रश्नही होताच. १९९७मध्ये वृद्धांच्या गाडीसाठी पिवळ्या-नारिंगी पानाचे चिन्ह आले, लोक त्याला 'गळालेले पान' म्हणू लागले, आणि २०११मध्ये त्या जागी चारपानी चिन्ह आणावे लागले. वृद्धांना काय बोचते हे सरकारला कळायला चौदा वर्षे लागली, ही मला या इतिहासातली मोठी खंत वाटते. पुढे १९ एप्रिल २०१९ रोजी तोक्योच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाची गाडी पादचाऱ्यांवर गेली आणि एक तरुण आई व तिची तीन वर्षांची मुलगी ठार झाली. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला, असा निर्वाळा देत न्यायालयाने २०२१मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. २०१९ या एका वर्षात सुमारे सहा लाख परवाने परत आले. मात्र हा ओघ टिकला नाही. वृद्ध चालक वाढत असतानाही २०२२मध्ये हा आकडा साडेचार लाखांच्या आसपास उतरला.

यावर कोणी म्हणेल, मग वयाची मर्यादा घालून सक्तीच का करू नये? पंचाहत्तरीपुढच्या चालकांकडून होणाऱ्या प्राणघातक अपघातांचे प्रमाण, परवानाधारकांच्या संख्येशी ताडून पाहिले, तर इतरांच्या जवळपास दुप्पट भरते. हा आक्षेप हलका नाही, आणि ज्यांचे माणूस गेले त्यांच्यापुढे आकड्यांचा युक्तिवाद करणे कठीणच. जपानने सक्तीचा काही भाग स्वीकारलाही: २००९पासून पंचाहत्तरीपुढे नूतनीकरणाआधी स्मृती व आकलनाची चाचणी, २०१७पासून स्मृतिभ्रंशाचा संशय आला तर डॉक्टरची तपासणी, २०२२पासून ठरावीक नियमभंग केलेल्यांना प्रत्यक्ष गाडी चालवण्याची परीक्षा. पण त्सुकुबा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७च्या बदलाचा परिणाम तपासला, तेव्हा वृद्ध चालकांचे अपघात कमी झालेले दिसले, तर पायी आणि सायकलवर जाताना जखमी होणारे वृद्ध वाढलेले. धोक्याचा एक भाग गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला आला. त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या अभ्यासात, गाडी सोडलेल्या वृद्धांना पुढे देखभालीची गरज पडण्याची शक्यता गाडी चालवत राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक निघाली. बस, रेल्वे किंवा सायकल वापरणाऱ्यांत ती कमी होती. आजारी माणूसच आधी गाडी सोडतो, हे खरे. तरी बाहेर पडणे थांबले की शरीर आणि मन खचते, हे नाकारता येत नाही.

म्हणून तोयामासारख्या शहराने धरलेली वाट मला पटते. २००६मध्ये तिथे जुन्या रेल्वेमार्गावर ट्राम आली, आणि पासष्टीपुढच्यांना शहराच्या मध्यभागी जाण्यासाठी शंभर येनच्या तिकिटाचा पासही मिळतो. पण बऱ्याच ठिकाणी ओघ उलटा आहे. चालक मिळत नाहीत म्हणून ओसाका प्रांतातल्या कोंगो कंपनीने २० डिसेंबर २०२३ रोजी आपल्या सगळ्या बस बंद केल्या. जे सरकार सत्तरी-ऐंशीच्या माणसाला परवाना परत द्यायला सांगते, त्याने बसचालकाच्या पगाराचा आणि बसफेऱ्यांचा खर्च रस्ता-सुरक्षेच्याच हिशेबात धरायला हवा.