त्रिपुरीचा एक विस्मृत ठराव

जबलपूरच्या उत्तरेकडील अधारताल हा तलाव राणी दुर्गावतीचे मंत्री अधारसिंह यांच्या नावाने ओळखला जातो. शहराच्या दुसऱ्या अंगाला, भेडाघाटच्या वाटेवर, तेवर हे गाव कलचुरींच्या त्रिपुरीची आठवण जपून आहे. या परिसरात मार्च १९३९ मध्ये राष्ट्रीय सभेचे बावन्नावे अधिवेशन भरले. जबलपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, म्हणजे नागपूर, वर्धा आणि अमरावती ज्या राजकीय घरात नांदत होती त्याच घरात.

त्रिपुरी म्हटली की इतिहासकारांना आठवतो तो सुभाषबाबू आणि गांधीपक्ष यांच्यातील संघर्ष: १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पट्टाभींचा पराभव, आजारी अध्यक्ष, बावन्न हत्तींच्या मिरवणुकीत त्यांच्याऐवजी नेलेली त्यांची प्रतिमा, आणि अखेर गोविंद वल्लभ पंतांचा ठराव. हे सारे नाट्य इतके उठावदार होते की त्याच मांडवात संमत झालेला पॅलेस्टाइनविषयक ठराव त्याच्या सावलीत हरवला. वस्तुतः त्याच आठवड्यांत लंडनमध्ये ब्रिटिश सरकारने अरब आणि ज्यू प्रतिनिधींची परिषद भरविली होती आणि पॅलेस्टाइनमध्ये १९३६ पासून उसळलेला अरबांचा उठाव दडपला जात होता.

ठराव छोटा होता, पण त्याची बांधणी विचारपूर्वक होती. स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या अरबांना त्याने सहानुभूती व्यक्त केली. युरोपातील ज्यूंच्या हालांची त्याने दखल घेतली. मात्र पॅलेस्टाइनमध्ये आपले विशेष दावे पुढे रेटण्यासाठी ज्यूंनी ब्रिटिश सशस्त्र बळाचा आधार घेतला, याबद्दल खेद नोंदविला. दोन्ही समाजांनी परस्परांशी थेट बोलून, ज्यूंच्या हक्कांना पुरेसे संरक्षण देणारे स्वतंत्र लोकशाही राज्य उभारावे, अशी अपेक्षा त्याने मांडली. आदल्याच वर्षी हरिपुऱ्यात फाळणीच्या योजनेचा निषेध झाला होता; त्रिपुरीने त्या निषेधाला पर्यायाची जोड दिली. ही भर लहान नव्हे.

या भूमिकेमागे दयेपेक्षा हक्काची जाणीव अधिक होती. राष्ट्रसंघाच्या घटनेतील बाविसाव्या कलमाने, तुर्की साम्राज्यातून सुटलेल्या काही समाजांचे स्वातंत्र्य तात्पुरते मान्य करता येईल असे म्हटले होते. पालक सत्तेचे काम त्यांना स्वतःच्या पायावर उभे करण्याचे. १९२२ मध्ये मंजूर झालेल्या पॅलेस्टाइनच्या जनादेशात मात्र ज्यूंच्या राष्ट्रीय गृहाचे वचनही गोवण्यात आले. एकाच दस्तऐवजात दोन परस्परविरोधी ऋणे! पालकत्वाच्या नावाखाली चालणारी सत्ता भारतीयांना घरचीच ओळखीची होती. त्यामुळे हा विरोधाभास त्यांना लवकर उमगला.

त्रिपुरीच्या आधी चार महिने, नोव्हेंबर १९३८ मध्ये, वर्ध्याजवळच्या सेगाव येथून गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये ज्यूंविषयी लेख लिहिला होता. पॅलेस्टाइन अरबांचे आहे, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. त्याच लेखात जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा सल्लाही होता. मार्टिन बूबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यास दीर्घ पत्राने उत्तर दिले. नाझी राजवटीचे स्वरूप गांधीजींना पुरते आकळले नव्हते, हा बूबर यांचा आक्षेप आज मान्य करावा लागतो. त्याने अरबांच्या हक्कासंबंधीचे म्हणणे मात्र खोटे ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवणे अवघड असते, म्हणूनच बहुधा त्या लेखाचे अर्धेच वाचन होते.

मराठी जगात या प्रश्नावर एकमत कधीच नव्हते. सावरकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये ज्यू राज्याचे स्वागत केले आणि भारताच्या विरोधी मतदानावर टीका केली. कोकणातील बेने इस्रायल समाजाचे मोठे प्रमाण पुढे इस्रायलला गेले. तिथेही पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळावी यासाठी त्यांना १९६० च्या दशकात आंदोलन करावे लागले. हक्कांची भाषा किती गुंतागुंतीची असते हे या मराठीभाषक ज्यूंच्या कथेतूनही दिसते.

त्रिपुरीचा धागा १९४७ मध्ये पुन्हा हाती लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या अकरा सदस्यीय समितीत भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी फाळणीऐवजी संघराज्याची योजना मांडली. २९ नोव्हेंबरला ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव संमत झाला. भारताचे मत विरोधातील तेरांत होते. १९५० मध्ये भारताने इस्रायलला आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाइन राज्याला मान्यता दिली.

सरकारी धोरणाच्या या वळणांत जनतेच्या संघटनांचा आवाज कधी सरकारच्या बरोबर, कधी त्याच्या विरुद्ध राहिला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये व्याप्त प्रदेशातील भिंत आणि जुलै २०२४ मध्ये इस्रायलचा तेथील ताबाच बेकायदेशीर ठरविणारे सल्लादायी अभिप्राय दिल्यावर अशा संघटनांच्या युक्तिवादाला नवा आधार मिळाला. जुलै २०२५ मध्ये गाझाच्या समर्थनार्थ मुंबईच्या आझाद मैदानात सभा घेण्याची परवानगी मागणारी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. दूरच्या प्रश्नांपेक्षा देशातील प्रश्नांकडे पाहा, असे खंडपीठाने सुनावले. पुढच्याच महिन्यात त्या मैदानातील सभेला परवानगी देण्याची तयारी प्रशासनाने दर्शविली.