फिरती कडवी

चौलहून रेवदंड्याला येऊन खाडीचा पूल ओलांडला की पलीकडे कोर्लई. १७४० साली पोर्तुगीजांनी चौल सोडलं, पण कोर्लईतल्या ख्रिस्ती घरांत त्यांच्या भाषेचं एक मराठीत मुरलेलं रूप राहून गेलं. आज ते बोलणारे जेमतेम हजारभर असतील. त्यांची गाणी आहेत, चार-चार ओळींच्या कडव्यांची. केनेथ डेव्हिड जॅक्सन या अभ्यासकाने १९९० साली अशा गाण्यांवर अख्खं पुस्तक काढलं. कोर्लई, दमण, दीव, श्रीलंका, सगळीकडच्या कडव्यांची त्याने नाती जुळवली. कडवं कुणी रचलं, हे विचारायची सोयच नाही. ओळ उचलायची, थोडी वाकवायची, दुसरीला जोडायची, की झालं गाणं.

हे आठवायचं कारण, आमच्या कट्ट्यावर सध्या संगणकाच्या कवितेचा वाद रंगतो. ‘यंत्र जुन्याच ओळींची जोडाजोड करतं, ती कविता कसली?’ हा त्यातला हुकमी मुद्दा. मला तो लंगडा वाटतो. जोडाजोड हा कवितेचा जुनाच उद्योग आहे. मोरोपंतांनी शंभरावर रामायणं रचली; त्यातल्या निरोष्ठ रामायणात ओठाला ओठ लागेल असं अक्षर येऊ द्यायचं नाही, असा पण. त्यात भक्ती किती नि कसरत किती, हे मी कशाला ठरवू? १८४५ साली लंडनमध्ये जॉन क्लार्कने ‘युरेका’ नावाचं यंत्र मांडलं. लोक एक शिलिंग मोजून आत जात. कपाटातली नळकांडी फिरत आणि मिनिटाभरात लॅटिनची एक ओळ समोर येई, वृत्तात अगदी चोख.

आता नळकांडी गेली. २०२४ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातल्या ब्रायन पोर्टर आणि एदुआर माशेरी यांनी १,६३४ जणांपुढे चॉसरपासून आजपर्यंतच्या दहा इंग्रजी कवींच्या आणि त्यांच्याच धर्तीवर यंत्राने केलेल्या कविता ठेवल्या. ४६.६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी जास्त जमलं असतं! उलट यंत्राच्याच कविता लोकांना अधिक माणसाच्या वाटल्या, कारण त्या चटकन कळत होत्या. यात फजिती झाली ती वाचकांची.

माझी आजी जात्यावर बसली की ओवीची पहिली ओळ सगळ्या आळीची असे, दुसरी तिची. भावाचं गाव ती नागाव म्हणे. शेजारच्या काकू तीच ओवी म्हणत, तेव्हा नागावचं थेरोंडा होई, आणि ओवी काकूंची होई. सांगितलं तर यंत्रही थेरोंडा घालेल. पण थेरोंड्याला त्याचं कोण आहे? कुणाचा निरोप यायचा राहिलाय म्हणून ते दळता दळता कुढणार आहे?

संगणकाशी माझं वैर नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या संगणकात नीट लावण्याच्या कामी बर्नार्ड बेल आले. तो संगणकही यंत्रच. पिट्सबर्गच्या चाचणीत कवितेवरचं नाव झाकावं लागलं. नाहीतर चाचणीच होईना. इथे ओवीशेजारी गाणारणीचं नाव आणि तिचं गाव लिहिलेलं असतं.