गिरणीचा भोंगा आणि घरची चूल

२४ एप्रिल १८९०. मुंबईत महालक्ष्मीला सुमारे १०,००० गिरणी कामगारांची सभा भरली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या मिलहँड्स असोसिएशनने बोलावलेल्या या सभेची मुख्य मागणी होती आठवड्यातून एक दिवस सुट्टीची. त्या सभेत दोन गिरणी कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. एकोणिसाव्या शतकात, हजारो पुरुषांसमोर!

१० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. त्या रविवारी विसावले कोण, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. पुरुषाला सुट्टी गिरणीपासून मिळाली होती. बाईलाही ती गिरणीपासूनच मिळाली होती, चुलीपासून नव्हे. हा धागा त्या फरकाचा आहे.

गिरणीत बायका कुठे होत्या? मुख्यतः रीलिंग आणि वाइंडिंग खात्यांत, म्हणजे सुताच्या लडी करणे आणि सूत रिळांवर गुंडाळणे या कामांवर. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांमध्ये दर पाच कामगारांमागे साधारण एक स्त्री होती. मजुरी बहुधा झालेल्या कामाच्या मापावर मिळे. तिचा एकंदर आकडा पुरुषाच्या मजुरीच्या जवळपास निम्मा असे.

या पद्धतीत एक सोय दडलेली होती. मजुरी मापावर असल्याने या खात्यांतील बायका पुरुषांपेक्षा थोड्या उशिरा आल्या आणि लवकर गेल्या, तरी चालवून घेतले जाई. पहाटे पाणी भरायचे, भाकऱ्या थापायच्या, मुलांना काही खाऊ घालायचे आणि मग गिरणी गाठायची. मालक याला बायकांची बेशिस्त म्हणत, पण ती बेशिस्त त्यांना स्वस्तातच पडत होती. ज्या तासांत ती घर सांभाळत असे, त्यांचा दमडाही मालकाला मोजावा लागत नव्हता.

आता तान्ह्या मुलांकडे वळू. हा भाग वाचायला जड आहे.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. ना. म. जोशी तेथे भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार स्त्रीला सहा-सहा आठवडे रजा आणि त्या काळात निर्वाहाची सोय असावी, असा करार त्या परिषदेत झाला. त्यानंतर मुंबई सरकारने गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली. तिचा अहवाल सप्टेंबर १९२२च्या ‘लेबर गॅझेट’मध्ये छापून आला. कामगार स्त्रियांच्या १०० तान्ह्या मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यात नोंदले होते.

ही अफू ‘बाळगोळी’ म्हणून विकत मिळे. आई भोंग्याला निघाली की मूल एखाद्या म्हातारीकडे किंवा शेजारणीकडे राही, आणि ते दिवसभर निपचित पडून राहावे म्हणून गोळी. तेव्हाच्या सुधारकांना यात आईचे अज्ञान दिसले. पण दहा-अकरा तासांची पाळी, दहा बाय दहाची खोली आणि मोजक्याच गिरण्यांत असलेले पाळणाघर एवढे समोर ठेवले, तर हा अज्ञानापेक्षा नाइलाजाचा हिशेब अधिक वाटतो.

याच काळाचा आणखी एक आकडा नेहमी दिला जातो: १९२१ साली मुंबईत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे ६६६ अर्भकमृत्यू. आकडा भयानक आहे, पण तो जपून वापरावा. अनेक बायका बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर गावी जात आणि मूल घेऊन परतत. जन्म गावी, मृत्यू मुंबईच्या दफ्तरात. त्यामुळे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा फुगले. फुगवटा वजा केला तरी उरते ते कमी भीषण नव्हते.

गावी गेलेली बाई परत आली की तिची जागा तिची राहिलेली असेच असे नाही. बायकांच्या खात्यांवर ‘नाईकीण’ म्हणजे बाई मुकादम असे. पुन्हा कामावर लागायचे तर तिचा हात ओला करावा लागे. म्हणजे प्रत्येक बाळंतपणात मजुरी बुडे, नोकरी जाई आणि वर दस्तुरी! १९३१च्या रॉयल कमिशनच्या अहवालानेही नाईकिणींच्या या वसुलीची दखल घेतली.

ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. मग आसवले यांनी तसे विधेयक मुंबई कौन्सिलात मांडले. त्यावरील चर्चेत २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. तेव्हा बाहेर गिरणगावात एप्रिलपासून सार्वत्रिक संप चालू होता आणि भोंगे बंद होते.

आंबेडकरांचे प्रतिपादन दोन पायऱ्यांचे होते. प्रसूतीच्या काळात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून हा भार खरे तर मोठ्या प्रमाणावर सरकारने उचलावा. पण सरकार उचलत नसेल, तर मालकाने वाटा देणे रास्तच आहे. कारण तो स्त्रियांना कामावर ठेवतो तो स्वतःच्या फायद्यासाठी.

१९२९ साली कायदा झाला. भार मात्र सगळा मालकावर पडला. सरकारने हात आखडता घेतला आणि आंबेडकरांच्या प्रतिपादनातली पहिली पायरी तशीच राहून गेली. त्याचा परिणाम पुढे दिसला. पूर्वी स्वस्त म्हणून हवी असलेली बाई आता मालकाच्या वहीत खर्चाची बाब ठरली. काही गिरण्यांनी लग्न झालेल्या तरुण स्त्रिया टाळायला सुरुवात केली.

केवळ या कायद्याने बायका गिरणीबाहेर गेल्या असे म्हणणे चूक ठरेल. १९३०च्या दशकात मंदीबरोबर ‘रॅशनलायझेशन’ आले. वाइंडिंगची यंत्रे वेगवान झाली आणि थोड्या माणसांकडून जास्त काम घेतले जाऊ लागले. दुसरी, पुढे तिसरी पाळी सुरू झाली. स्त्रियांना रात्रपाळीस कायद्याने बंदी होती. संरक्षण म्हणून घातलेले कुंपण अशा रीतीने दारही बंद करून गेले. उशिरा येऊन लवकर जाण्याची जुनी सोयही या नव्या शिस्तीत टिकणे शक्य नव्हते.

आणि पुरुष? त्याचीही परवड होतीच. रत्नागिरी किंवा साताऱ्याहून आलेला कामगार गाळ्यात पाळीपाळीने झोपे. बायको गावी शेती, सासू-सासरे आणि मुले सांभाळी. मुले वाढताना त्याने पाहिली ती शिमगा-गणपतीला. तो कुटुंबापासून तुटला, पण त्याचा कामाचा दिवस अखंड राहिला, कारण गावचे घर बायको चालवी आणि मुंबईतले जेवण खानावळवाली रांधी. गिरणीची पाळी आखली गेली ती अशा माणसाच्या मापाने, ज्याचा स्वयंपाक दुसरे कोणीतरी करते.

ती खानावळवाली अनेकदा गिरणीतून बाहेर पडलेली किंवा गिरणी कामगाराचीच बायको असे. चाळीच्या एका खोलीत पंधरा-वीस जणांचे डबे. पैसे पगार झाल्यावर मिळत. धान्य मात्र आधी भरायचे, तेही सावकाराकडून व्याजाने पैसे काढून. कारखाना कायदा तिला लागू नव्हता. तिच्या कामाला तास नव्हते, रविवार नव्हता आणि प्रसूतिलाभही नव्हता. कामगारांच्या गणतीत तर ती धरलीच जात नसे.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या. मुक्तिलढ्यात त्यांच्या पायाला गोळी लागली होती आणि मुंबईत त्या कामगार चळवळीत वाढल्या. संस्थेचे पहिले काम अगदी रोकडे होते: राष्ट्रीयीकृत बँकेकडून या बायकांना कर्ज मिळवून देणे आणि सावकाराची गाठ सोडवणे.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तोवर गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण शंभरात बोटांवर मोजण्याइतके उरले होते, त्यामुळे संपाच्या इतिहासात बायका सहसा मोर्चापुरत्या दिसतात. पण पगार थांबला त्या महिन्यापासून गिरगाव ते लालबागच्या खोल्यांत डबे उधारीवर चालू राहिले. संप लांबला तसे कामगार गावाकडे परतू लागले. खानावळींच्या वह्यांत त्यांची नावे होती आणि नावांपुढे येणे बाकी होते.